दत्तक नामंजूर

ज्या गावात सरकारच्या चलनी नोटा छापल्या जातात त्या गावात विकत मिळणार नाही अशी वस्तू त्रिभुवनात नसेल, असा एक समज आमच्या नाशिक रोडविषयी परगावच्या लोकांत रूढ आहे. आणि १९२५ साली येथे इंडिया सिक्युरिटी प्रेस उभा राहून तोवर लंडनहून छापून येणारी टपालाची तिकिटे येथेच छापली जाऊ लागल्यापासून, व १९२८ साली करन्सी नोट प्रेस सुरू झाल्यापासून, तो समज खोडून काढण्याची तसदी आम्हां स्थानिकांपैकी कोणीही घेतलेली नाही. नोटा छापणे आणि माल मिळणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे सिद्ध करण्यासाठी अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना ग्रंथ लिहावे लागतात. नाशिक रोडच्या माणसाला ते बिटको चौकात उभे राहून 'पॉइंट झिरो वन, चारशे व्होल्ट' एवढा एक कंडेन्सर मागितला की तत्काळ कळते.

दुकानदार नकारच देतो, परंतु नकाराच्याही प्रती आहेत. 'संपलाय' ह्या उत्तरात, वस्तू काल होती आणि उद्या असू शकेल, अशी दुहेरी आशा असते. 'मागवावा लागेल' ह्यात सौजन्य भरपूर असते, मुदत मात्र नसते. 'हा माल आता येत नाही' हा वरिष्ठ कोर्टाचा निकाल होय. त्यावर अपील नाही, आणि तो ऐकवताना दुकानदाराच्या मुद्रेवर जी एक हळवी छटा उमटते ती पाहून, आपण कंडेन्सर मागितला नसून त्याच्या घरातील एखाद्या दिवंगत माणसाची चौकशी केली की काय, असे मागणाऱ्याला वाटू लागते. ह्या तिन्ही उत्तरांना वयाची अट आहे. ती पन्नाशीपुढील दुकानदारच देऊ शकतो. गल्ल्यावर त्याचा मुलगा बसलेला असेल, आणि हल्ली बहुधा तोच असतो, कारण दुकानाची दर्शनी बाजू मोबाईलची कव्हरे, चार्जर, रिमोट आणि दिव्यांच्या माळा ह्यांनी व्यापल्यामुळे वडिलांची बदली मागच्या खोलीत झालेली असते, तर तो मुलगा आपण दाखवलेल्या मेणकट नळकांडीकडे काही काळ पाहून अत्यंत विनयाने विचारतो, "काका, हे कशात असतं?" रेडिओत, असे सांगताच त्याची मुद्रा उजळते. "मग मोबाईलवर ऐका ना काका. रेडिओ त्याच्यातच येतो आता."

मोबाईलमध्ये रेडिओ येतो हे मलाही ठाऊक आहे. परंतु प्रस्तुत रेडिओ हा वडिलार्जित आहे, आणि वडिलार्जित मिळकतीच्या बाबतीत सोय-गैरसोय पाहण्याची आपल्याकडे वहिवाट नाही. पाच वॉल्व्हांचा, पॉलिश केलेल्या लाकडी पेटीतला, उजव्या कोपऱ्यात स्टेशन नीट लागले की मिटत येणारा हिरवा डोळा असलेला हा रेडिओ ज्या काळात घरात आला त्या काळात रेडिओ बाळगण्यास बंदुकीप्रमाणे परवाना लागे. टपाल कचेरीत वार्षिक १५ रुपये भरून त्याचे नूतनीकरण करावे लागे, आणि तसे न केल्यास गाणे ऐकणारा इसम कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार ठरे. रेडिओच्या काचेवर दिल्ली-मुंबईच्या जोडीला सिलोन हे नाव ठळक अक्षरांत आहे, आणि त्याचे श्रेय एका मराठी मंत्र्याला द्यावे लागते. १९५२ ते १९६२ ह्या काळात केंद्रात माहिती व नभोवाणी खाते सांभाळणारे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर ह्यांनी, चित्रपटगीते आकाशवाणीच्या प्रतिष्ठेस शोभणारी नव्हेत, असे मत धरून त्यांना जवळजवळ हद्दपार केले. ती गीते समुद्र ओलांडून कोलंबोस गेली, आणि ती तेथून ऐकता यावीत म्हणून इकडे घरोघर लघुलहरींचे रेडिओ आले. १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू करून सरकारने गीतांना सन्मानाने परत बोलावले खरे, परंतु तोवर तांब्याच्या जाळीची एरियल माजघराच्या ह्या भिंतीवरून त्या भिंतीवर गेलेली होती. शास्त्रीय संगीताच्या ह्या कडव्या अभिमान्याने रेडिओच्या व्यापाराला जो हातभार लावला तो कोणा जाहिरातदाराला साधला असता असे मला वाटत नाही. पुढे ऐंशीच्या दशकात सरकारने परवाना रद्द केला. रेडिओ रद्द झाला नाही, तो नुसता बंद पडला.

बंद पडण्यास कोण कारणीभूत होते हे पाहिले तर जगातील न्यायाविषयी माणसाचे मत कलुषित व्हावे. काचेचा, नाजूक, हाताळताना भीती वाटावी असा वॉल्व्ह चाळीस-चाळीस वर्षे टिकतो. मरतो तो दोन बोटांत मावणारा कागदी कंडेन्सर. धातूचे दोन वर्ख, त्यांच्यामध्ये कागद, आणि सगळ्यावर मेण, एवढाच त्याचा प्रपंच. आधीच्या वॉल्व्हकडून येणारा आवाज पुढील वॉल्व्हकडे जाऊ द्यावयाचा, परंतु त्यासोबत येणारा दीड-दोनशे व्होल्टांचा दाब अडवून धरावयाचा, हे त्याचे काम. अनेक पावसाळ्यांची ओल मेणातून कागदात उतरली की हा पहारेकरी हळूहळू फितूर होतो आणि थोडाथोडा दाब पलीकडे सोडू लागतो. पलीकडचा ईएल ८४ हा आउटपुटचा वॉल्व्ह, ज्याच्या ग्रिडवर काहीही चढू नये अशी व्यवस्था असते, तो त्या आगंतुक दाबाने उत्तेजित होऊन मर्यादेबाहेर करंट ओढू लागतो, आतली पत्र्याची पट्टी तांबडी होते, आणि आवाज फाटू लागल्यावर, 'जुना झालाय, चालायचंच' असे म्हणून गृहस्थ आणखी आठवडाभर तो तसाच वाजवीत बसला तर शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. कंडेन्सरची किंमत रुपयांत, ट्रान्सफॉर्मरची शेकड्यांत. आणि गुन्हेगार मात्र बाहेरून पूर्वीइतकाच मेणकट व निष्पाप दिसत असतो.

देवळाली गावाच्या बाजूस एका बोळात बसणारे मेकॅनिक, ज्यांना आम्ही सर्वजण भाऊ म्हणतो, ते उदरनिर्वाहासाठी मिक्सर आणि टेबलफॅन दुरुस्त करतात व रेडिओचे काम केवळ जुन्या ऋणानुबंधाने करतात. त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. रेडिओ आला की ते प्रथम तो चालू करीत नाहीत. फुंकर मारून धूळ उडवतात, नाक खुपसून वास घेतात, आणि मग शंभर वॅटच्या दिव्यामधून, ज्याला ह्या व्यवसायात सिरीज म्हणतात, त्याला वीज देतात. दिवा क्षणभर भडकून मंद झाला तर ठीक. भडकलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, आणि घर जाळण्यापूर्वी तो कळला, एवढे त्या दिव्याचे माहात्म्य. हे काम तारेच्या जुन्या दिव्यालाच साधते, एलईडीला नाही. आणि तारेचा शंभर वॅटचा दिवा हाच आता बाजारातून नाहीसा होऊ लागला असल्यामुळे, जुन्या वस्तूंचे भाग शोधणाऱ्या भाऊंना प्रथम, भाग बिघडलेत की नाही हे दाखवणाऱ्या दिव्याचा शोध घ्यावा लागतो. त्यांच्याजवळ असे काही दिवे एका बोर्नव्हिटाच्या डब्यात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेले आहेत. एकदा एका गिऱ्हाइकाने न्हाणीघरासाठी त्यांतला एक मागितला, तेव्हा सहसा आवाज न चढवणारे भाऊ म्हणाले, "आंघोळ अंधारात करा, पण हा भेटणार नाही."

दिवा मंद झाला, वॉल्व्ह तापले, आणि तरीही आवाज नसला, की भाऊ पेचकस पोलादी पात्यापाशी धरून त्याचे टोक एकेका वॉल्व्हच्या ग्रिडला टेकवत मागे-मागे येतात. जेथवर 'घोंऽऽ' असा आवाज येतो तेथवर रेडिओ जिवंत; जेथे तो थांबला तेथे रोग. दुसरा हात ते ह्या वेळी कटाक्षाने पाठीमागे ठेवतात, कारण आत अडीचशे व्होल्टांचा डीसी खेळत असतो आणि दोन्ही हात गुंतलेल्या माणसाच्या बरोबर छातीतून तो मार्ग काढतो. उस्तादांनी शिकवलेली ही एक गोष्ट, असे ते म्हणतात, आणि ती न शिकलेले सहाध्यायी आता हयात नाहीत हे सांगताना त्यांच्या स्वरात शोकापेक्षा शिस्तीचा भाग अधिक असतो.

रोग सापडला की खरे काम सुरू होते. कारण मयताच्या जागी कोणाला बसवावयाचे हा प्रश्न संस्थानांपासून कंडेन्सरांपर्यंत सर्वत्र सारखाच बिकट आहे. औरस वारस, म्हणजे त्याच कारखान्याचा, त्याच क्रमांकाचा, त्याच मापाचा नवा भाग, मिळण्याचा काळ संपला. सबब दत्तक. दत्तकाचे नियम भाऊंना मुखोद्गत आहेत. जुन्या नकाशात पॉइंट झिरो फाईव्ह असेल तेथे पॉइंट झिरो फोर सेव्हन चालतो. पन्नास के रेझिस्टन्स असेल तेथे सत्तेचाळीस के चालतो, कारण मधल्या काळात साऱ्या जगाने एकमताने पन्नासाचा त्याग करून सत्तेचाळिसाचा स्वीकार केला. व्होल्ट जास्त चालतात, कमी चालत नाहीत. आणि हा जो नवा पिवळा पॉलिस्टरचा कंडेन्सर दत्तक येतो तो गुणांनी जुन्याहून सरस, आकाराने त्याच्या चतुर्थांश, आणि ओलीला न जुमानणारा असतो. काही कर्मठ मंडळींना तो पेटीत उघडा दिसलेला खपत नाही. ती जुन्या कंडेन्सरचे मेण तापवून त्याचे पोट रिकामे करतात, नव्याला त्या नळकांडीत घालतात, दोन्ही तोंडे मेणाने बंद करतात, आणि दत्तकाने निदान वडिलांचा अंगरखा तरी घातला, ह्या समाधानात पेटी मिटतात. पेटी मिटल्यावर तो अंगरखा कोणासही दिसत नाही, हा मुद्दा त्यांच्यापुढे मांडण्यात अर्थ नसतो.

ट्रान्झिस्टरच्या बाबतीत दत्तकविधान अधिक गुंतागुंतीचे होते. सरकारी मालकीच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बंगळुरात १९६१ पासून रेडिओचे वॉल्व्ह आणि पुढच्याच वर्षापासून जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर काढण्यास आरंभ केला, आणि एके काळी एसी १२७, एसी १२८, एसी १८७, एसी १८८ ही नावे सबंध देशातील मेकॅनिकांच्या तोंडी नातेवाइकांच्या नावांसारखी असत. ही पिढी आता गेली. तिच्या जागी कोणास घ्यावे हे पाहण्यासाठी भाऊंकडे 'इक्विव्हॅलंट'ची एक जाडजूड बाइंडिंग सुटलेली वही आहे, आणि आपल्याकडे जसे घराण्यांचे कुलवृत्तांत छापतात त्याच मांडणीने तीत एकेका ट्रान्झिस्टरच्या नावापुढे त्याचे जपानी, युरोपी व अमेरिकी भाऊबंद दिलेले आहेत. वही म्हणते, हा त्याच्या जागी चालेल. रेडिओ काय म्हणतो हे निराळे. जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरला जागे होण्यास पॉइंट दोन-तीन व्होल्ट पुरतात; आजच्या सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरला पॉइंट सहा लागतात. जुन्या घरातील सर्व व्यवस्था पहिल्याच्या माफक गरजेवर बेतलेली असते. तेथे सिलिकॉनचा दत्तक आणून बसवला की बाहेरून सर्व आलबेल दिसते, टाके चकचकीत असतात, आणि तरीही गाणे हळू आवाजात लावले की प्रत्येक स्वर मधोमध किंचित तुटल्यासारखा, घशात काटा अडकलेल्या माणसाने गावा तसा, ऐकू येतो. आवाज मोठा केला की दोष झाकतो, आणि म्हणून घरातील तरुण मंडळींना रेडिओ दुरुस्त झाल्यासारखा वाटतो व आजोबांना वाटत नाही. डलहौसीने १८४८ साली सातारची गादी खालसा करताना आणि त्यानंतर झाशीच्या वेळी जो शेरा मारला तोच शेरा तो रेडिओ मारीत असतो: दत्तक नामंजूर. मग भाऊ बायसचे दोन रेझिस्टन्स बदलून, म्हणजे एका दत्तकापायी घरातील आणखी दोघांना बाहेर काढून, तडजोड घडवून आणतात.

ह्याच पिढीतील एएफ ११४ ते एएफ ११७ ह्या चार भावंडांची हकिकत तर अशी आहे की ती मी प्रथम ऐकली तेव्हा भाऊ थट्टा करीत आहेत असे मला वाटले. साठीच्या दशकातील कित्येक उत्तम ट्रान्झिस्टर सेटांत हे बसवलेले आहेत. पत्र्याचे लहानसे टोपण, खाली चार पाय. तीन कामाचे आणि चौथा टोपणाला जोडलेला. ह्या टोपणाच्या आतील बाजूस जो कथिलाचा मुलामा आहे त्यास कालांतराने मिशा फुटतात. अलंकारिक अर्थाने नव्हे. केसाहून बारीक असे कथिलाचे तंतू खरोखर आपोआप वाढतात, वाढत वाढत मध्यभागी असलेल्या स्फटिकापर्यंत पोचतात, आणि टोपणाशी त्याचा शॉर्ट करतात. वापर झाला पाहिजे अशीही अट नाही. एखाद्या सद्गृहस्थाने 'खराब होऊ नये' म्हणून लग्नात मिळालेला ट्रान्झिस्टर फ्लॅनेलच्या पिशवीत, पिशवी डब्यात आणि डबा कपाटात ठेवून साठ वर्षे त्यास हात लावला नाही, तरीही आतल्या आत मिशांची वाढ अव्याहत चालू असते. ह्यावर उपाय असा की चौथा पाय कापून टाकावा. टोपण अधांतरी झाले की मिशांचा उपद्रव थांबतो, निदान एकच मिशी असेल तर थांबतो. दुसरा उपाय, चार्ज केलेला कंडेन्सर टेकवून मिशी आत जाळून टाकण्याचा. भाऊ दोन्ही करतात, आणि गिऱ्हाइकाने काय झाले होते असे विचारल्यास गंभीरपणे "दाढी वाढली होती" असे सांगून चाळीस रुपये घेतात.

दत्तकही जेव्हा गावात मिळत नाही तेव्हा मुंबई. पुण्याची तपकीर गल्ली आहे, परंतु नाशिक रोडच्या माणसाचा ओढा पूर्वापार मुंबईकडे, आणि त्यास पंचवटी एक्सप्रेस कारण आहे. १९७५ पासून ही गाडी सकाळी आम्हांस नेते आणि संध्याकाळी आणून सोडते, आणि तीतील पासधारक मंडळींनी आपापल्या जागांवर प्रस्थापित केलेले वहिवाटीचे हक्क दिवाणी कोर्टातही शाबीत होतील इतके पक्के आहेत. कसाऱ्याचा घाट उतरून दादरास यावे, गाडी बदलून ग्रँट रोडला उतरावे, आणि ज्या रस्त्याच्या पाट्यांवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे लिहिलेले असून ज्याला कोणीही लॅमिंग्टन रोडखेरीज दुसरे काही म्हणत नाही, त्या रस्त्यावर गर्दीत शिरावे. १९०३ ते १९०७ ह्या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेले लॉर्ड लॅमिंग्टन ह्यांची स्मृती आज ट्रान्झिस्टर, आयसी आणि सोल्डरच्या रिळांनी जागती ठेवलेली आहे, हे त्या लॉर्डसाहेबांना रुचले असते की नाही कोण जाणे.

येथे सर्व काही मिळते, असे म्हणतात. ते खरे आहे. फक्त येथील व्यवहाराचे एकक निराळे आहे.

"कितना पीस?"

"एक."

"एक सौ?"

"एक. एकच."

ह्यावर गल्ल्यामागील शेठ आपल्याकडे ज्या नजरेने पाहतो ती नजर, घाऊक बाजारात जाऊन एकच हिरवी मिरची मागणाऱ्याला अनुभवास येत असेल. तरीही माणूस भला असेल तर तो मागे वळून न पाहता हात वर करतो आणि भिंतभर असलेल्या शेकडो खणांतला नेमका एक ओढून त्यातून नग काढतो. त्यास खणांवरील चिठ्ठ्या वाचाव्या लागत नाहीत, आणि त्या वाचता येण्याजोग्या राहिलेल्याही नाहीत. नग हाती पडला की दुसरी चिंता सुरू होते, कारण दत्तकांतही तोतये असतात, आणि पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या नावाने उभ्या राहिलेल्या तोतयाची आठवण ठेवणाऱ्या मराठी माणसाने येथे सावध राहिलेच पाहिजे. २एन३०५५ नावाचा पोलादी टोपीचा दणकट ट्रान्झिस्टर घ्या. गणेशोत्सवातील ॲम्प्लिफायरांच्या जिवावर तो अनेक वर्षे तगून आहे, आणि म्हणूनच त्याच्या नकला भरमसाट. टोपी तीच, पाय तेच, क्रमांक ठसठशीत; आत मात्र मूळच्या स्फटिकाच्या जागी त्याचे लहानसे पिल्लू बसवलेले असते, आणि आरतीपर्यंत तग धरून ते मिरवणुकीत जळते. आयसींच्या बाबतीत दुसराच प्रकार. कोठला तरी स्वस्त, निरुपयोगी आयसी पाठीवरून घासून त्यावर महागड्याचा क्रमांक छापतात. थिनरचा बोळा फिरवला की क्रमांक बोळ्यावर उतरतो. नोटेवरील खऱ्या-खोट्याची पारख ज्यांच्या हाडीमाशी खिळलेली अशा आमच्या गावातील प्रेसचे एक निवृत्त कामगार माझ्यासोबत एकदा आले होते; त्यांनी दुकानात तो आयसी उजेडाकडे धरला, तिरपा केला, अंगठ्याने चोळला, आणि शेठकडे पाहून एवढेच म्हणाले, "शाई ओली आहे."

आणि ह्या सर्वांत उलटा न्याय असा की ज्यांची कोणासही आशा नसावी ते वॉल्व्ह अजून नवे बनतात. ईएल ८४ रशियात सारातोव्ह येथे आणि स्लोव्हाकियात चादत्सा नावाच्या गावात आजही तयार होतो. आमच्या रेडिओवरील प्रेमामुळे नव्हे, तर गिटारवाल्यांच्या हट्टामुळे. बीटल्स मंडळींनी ज्यातून गिटारी वाजवल्या त्या व्हॉक्स एसी ३० ह्या ॲम्प्लिफायरमध्ये हे चार वॉल्व्ह असत, आणि तसाच आवाज हवा असणाऱ्यांची जगात वाण नाही. तात्पर्य, नाशिक रोडच्या माजघरातील भक्तिसंगीत आज लांब केसांच्या इलेक्ट्रिक गिटारवादकांच्या आश्रयाने उभे आहे. परंतु गिटारीला स्टेशन लावावे लागत नाही. त्यामुळे स्टेशन पकडणारा ईसीएच ८१ आणि ते नीट लागले हे दाखवणारा हिरव्या डोळ्याचा ईएम ८० ह्यांना कोणी वाली उरलेला नाही. जुन्या साठ्यातून परदेशी मागवले तर पार्सलाची वाट पाहणे आले, आणि वाट पाहण्याच्या बाबतीत आमच्या शेजारच्या देवळालीची कीर्ती मोठी आहे: राणीच्या नोकरीची मुदत संपलेले गोरे सोजीर विलायतेच्या जहाजाची प्रतीक्षा करीत तेथील छावणीत महिनोन्‌महिने बसत, आणि त्यांतील काहींची डोकी फिरत. कस्टममध्ये अडकलेल्या वॉल्व्हची वाट पाहणाऱ्यास त्या सोजिरांविषयी परकेपणा वाटत नाही.

अशा परिस्थितीत एकच खात्रीचा मार्ग उरतो, आणि तो म्हणजे दुसऱ्याचा रेडिओ. एका मयत सेटवर चार सेट जगतात, हे ह्या विद्येतील उघड गुपित आहे. आणि म्हणून कोणाच्या माळ्यावर काय आहे ह्याचे एक अलिखित दप्तर जेल रोडपासून मुक्तिधामापर्यंत सर्व शौकिनांच्या डोक्यात तयार असते. स्पर्धा असते ती भंगारवाल्याशी. भंगारवाल्याला ईएम ८० आणि फुटका पेला ह्यांत भेद नाही. तो ट्रान्सफॉर्मरमधील तांब्याचा भाव काढतो, लाकूड बंबात घालण्याच्या लायकीचे ठरवतो, आणि काच जागेवरच फोडतो. घर आवरण्याच्या दिवाळीपूर्व दिवसांत म्हणूनच आमच्यातील काही मंडळी सकाळच्या फेरफटक्याचा मार्ग बदलून भंगाराच्या हातगाडीमागून चालताना दिसतात.

माझ्याकडील रेडिओचा कंडेन्सर अखेर भाऊंच्याच एका डब्यात निघाला. तो त्यांनी कित्येक वर्षांपूर्वी, 'पुढेमागे लागेल' म्हणून एका टेपरेकॉर्डरमधून काढून ठेवलेला होता. रेडिओ सुरू झाला. मध्यम लहरींवर प्रथम शेजारच्या सोसायटीतील एलईडी दिव्यांचा समवेत गुणगुणाट ऐकू आला, आणि "सेटचा कान तिखट आहे" असे भाऊंनी त्याचे कौतुक केले. रात्री दहानंतर, दिवे मालवल्यावर, गाणेही आले. डोळा हिरवागार आहे, ही बातमी मात्र त्याच आठवड्यात फुटली.

तेव्हापासून आमच्याकडे पाहुण्यांचा राबता वाढला आहे. येतात ती माणसे सभ्य आहेत, चहा घेतात, हवापाण्याचे बोलतात, आणि मग खुर्ची किंचित रेडिओच्या दिशेने सरकवून विचारतात, "काय म्हणतोय? बरा आहे ना?" बरा आहे, असे सांगितले की त्यांच्या "वा, वा" मध्ये जेवढा उत्साह असावा तेवढा नसतो. एका गृहस्थांनी तर, आउटपुट ट्रान्सफॉर्मर तापतो का हे हात लावून पाहिले आणि तो थंडगार आहे हे कळताच निघण्याची घाई केली. परवा भाऊ स्वतः आले. त्यांनी मागचा पुठ्ठा काढला, डोळ्याकडे बराच वेळ पाहिले, पुन्हा पुठ्ठा लावला, स्क्रू पिळता पिळता खालच्या मानेने म्हणाले, "काका, एक बोलू का? राग नका मानू. तुम्ही मृत्युपत्र केलंच असेल. घर, पैसे, ते पोरांना द्या, आपल्याला काय करायचंय त्याच्याशी. पण ईएम ८० माझ्या नावावर करून ठेवा. रजिस्टर नाही केलं तरी चालेल."